माचू पिच्चूची मोरी

कुस्को, ९ मे

हवा विरळ असते हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि लॉजच्या अकरा पायऱ्या चढून पलंगाच्या काठावर पाच मिनिटे धापा टाकत बसणे वेगळे. कुस्को ३,४०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे मी आज रात्री कळसूबाईच्या दुप्पट उंचीवर झोपणार आहे, आणि तेही शहरात, रजई पांघरून. डोके जड आहे. लॉजच्या बाई दर तासाला कोकाच्या पानांचा काढा आणून देतात आणि मी तो निमूटपणे पिते.

सातवीत असताना, १९७५ च्या सुमारास, साताऱ्यातल्या आमच्या शाळेच्या वाचनालयात एका जुन्या मासिकात मी ते काळेपांढरे छायाचित्र प्रथम पाहिले. खाली 'माचू पिच्चू, पेरू' एवढेच छापलेले होते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलीला माची म्हणजे काय हे कोणी सांगावे लागत नाही. त्यामुळे हा आपल्याकडचाच एखादा आडवळणाचा किल्ला असावा, 'माचू' ही छापखान्याची चूक असावी आणि मागे उभे असलेले ते टोकदार शिखर म्हणजे त्याचा बालेकिल्ला असावा, अशी माझी पक्की समजूत झाली. फळाचे नाव गावाला कसे दिले, एवढीच शंका होती. ती दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या बाईंनी नकाशा काढून दूर केली आणि वर्गाला पुढचा आठवडाभर हसायला विषय मिळाला. इथले लोक 'पिक्चू' असा उच्चार करतात. केचुआ भाषेत माचू म्हणजे म्हातारा आणि पिक्चू म्हणजे डोंगर, असे आमच्या वाटाड्याने आज सांगितले. म्हाताऱ्या डोंगराकडे निघायला मीही एकसष्ट वर्षांची झाले, हे एका अर्थी बरेच झाले.

खरे तर माचू पिच्चूला चालत जाण्याचा २०२० च्या मे महिन्याचा परवाना माझ्या हातात होता. मार्चमध्ये या देशाच्या सीमा बंद झाल्या आणि तो कागद कपाटातल्या विम्याच्या पावत्यांखाली गेला. या वेळी भाचा सोबत आहे. तो स्वतःच्या हौसेने आला की माझ्या बहिणीने मला सांभाळायला त्याला पाठवले, हे मी विचारलेले नाही.

दुपारी सान पेद्रोच्या बाजारात किविचा नावाचे धान्य पाहिले. बाईने चिमूटभर हातावर ठेवले, आणि तो चक्क राजगिरा निघाला. शेजारीच त्याच्या लाह्यांच्या गोड वड्या रचून ठेवल्या होत्या. "मावशी, तुझ्या चतुर्थीची सोय झाली," भाचा म्हणाला. बटाटा याच पर्वतरांगेतला, मिरची आणि शेंगदाणा याच खंडातले, आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो कंदही इथलाच. आपण ज्याला उपवासाचे म्हणून सोवळ्यात ठेवतो, त्यातला निम्मा अधिक फराळ समुद्र ओलांडून आलेला आहे, हे घरी सासूबाईंना सांगावे की नाही, याचा विचार करते आहे.

वायल्याबांबा, ११ मे

कुस्कोहून निघणाऱ्या लोहमार्गाच्या ८२ व्या किलोमीटरपाशी माचू पिच्चूला जाणारी इंका लोकांची जुनी वाट सुरू होते. चौकीवर पारपत्र आणि परवाना ताडून पाहतात. दिवसाला सगळे मिळून ५०० माणसांनाच आत सोडतात आणि त्यात निम्म्याहून अधिक हमाल, स्वयंपाकी आणि वाटाडेच असतात. फेब्रुवारीत डागडुजीसाठी वाट पूर्ण बंद असते. काठ्यांच्या टोकांना रबरी बूच नसेल तर काठी आत नेता येत नाही, कारण लोखंडी टोकांनी दगड झिजतो. ही शिस्त पाहून मला आपल्या गडांवरच्या, पत्र्यावर नाव कोरतात तशा निगुतीने नावे कोरलेल्या बुरुजांची आठवण आली, आणि मी ती मुकाट्याने गिळली.

हमालांच्या ओझ्यासाठी चौकीवर वजनकाटा आहे. पुरुषाने २० किलोहून अधिक उचलायचे नाही, असा कायदा आहे. आमचे हमाल साध्या चपला घालून, गॅसची टाकी आणि तंबू पाठीवर घेऊन, आमच्या दुप्पट वेगाने पुढे जातात. मागून पावलांचा आवाज आला की आपण डोंगराच्या बाजूला सरकून उभे राहायचे, दरीच्या बाजूला कधीही नाही, हा पहिला धडा. पहिल्याच तासात मी उलट बाजूला सरकले आणि वाटाड्याने माझा दंड धरून मला आत ओढले.

नदी ओलांडून दोनेक तास चालल्यावर खाली पाताल्याक्ताचे अवशेष दिसले. नदीच्या वळणाला समांतर, एकाखाली एक अशा शेतीच्या पायऱ्या, जणू कोणी समपातळी रेषा नकाशावरून उचलून डोंगरावर ठेवल्या आहेत. चौतीस वर्षे कालव्यांच्या कामावर काढल्यामुळे माझी नजर आधी उताराकडे जाते. तो इतका सरळ राखलेला होता की मी उगाचच चूक शोधत राहिले.

संध्याकाळी वाटाड्याने कोकाची तीन अखंड पाने बोटांत पंख्यासारखी धरली, त्यांवर फुंकर घातली आणि समोरच्या शिखरांची नावे घेतली. नंतर त्याच पानांचा विडा गालात ठेवताना त्याने राखेच्या वडीचा एक तुकडा त्यात घातला. आपण पानाला चुना लावतो, ते ही राख लावतात. मी त्याला आमच्या विड्याबद्दल सांगितले तेव्हा त्याने सुपारी म्हणजे काय हे तीनदा विचारले.

पाकायमायो, १२ मे

आजचे थोडक्यात लिहिते, कारण बोटे गारठली आहेत. सकाळपासून १,२०० मीटर चढलो. खिंड ४,२१५ मीटरवर आहे आणि तिचे नाव वार्मिवान्युस्का, म्हणजे मेलेली बाई. भाच्याने मी घाबरेन म्हणून हा अर्थ माझ्यापासून लपवला होता, आणि मला तो ठाऊक आहे हे मी त्याच्यापासून. वीस पायऱ्या चढायच्या, थांबायचे, वीस श्वास घ्यायचे, या हिशेबाने मी वर पोचले. शेवटी वीसचे बारा झाले आणि बाराचे सात. वर वारा इतका होता की आनंद व्हायलाही वेळ मिळाला नाही. उतरताना उजवा गुडघा बोलू लागला आहे.

विन्याय वायना, १३ मे

आजचा दिवस मला सविस्तर लिहायचा आहे, गुडघ्याला पट्टी बांधून का होईना.

पाकायमायोच्या पुढे वाटेवरची फरसबंदी बहुतांश मूळची आहे. सगळे डोळे दऱ्यांकडे आणि ढगांकडे लागलेले असताना मी वाटेच्या कडेला पाहत चालले होते. डोंगराच्या अंगाला दगडी चर आहे, ठरावीक अंतरावर तो वाटेखालून आडवा जातो आणि खालच्या उतारावर पाणी सोडतो. आपण याला मोरी म्हणतो. पाचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या, आडव्या दगडाने झाकलेल्या या मोऱ्यांतून काल रात्रीच्या पावसाचे पाणी आज सकाळी वाहत होते. एका ठिकाणी मी वाकून आत बोट घातले. गाळ नव्हता.

नोकरीच्या सहाव्या वर्षी माझ्या ताब्यातला एक कालवा फुटला होता. संकल्पचित्र बरोबर होते, भरावही ठीक होता. डोंगराकडून येणारा ओढा कालव्याखालून पलीकडे नेणारी मोरी पावसाळ्याआधी साफ झाली नव्हती, एवढेच. मोरी साफ झाल्याच्या कागदावर मी प्रत्यक्ष न पाहता सही केली होती. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याचे पाणी कालव्यात शिरले, भराव रात्रीतून वाहून गेला आणि खालच्या एका शेतकऱ्याचा अडीच एकर कांदा गेला. चौकशीत माझ्यावर फारसे काही आले नाही. तो माणूस मात्र कचेरीत येऊन काही न बोलता बाकावर बसून राहायचा, आणि मी फायलीत डोके घालायची. आज त्या मोरीत बोट घातल्यावर मला तो बाक आठवला. भाच्याला वाटले मी दमले आहे, म्हणून त्याने पाण्याची बाटली पुढे केली, आणि मी ती घेतली.

दुपारी फुयुपातामार्काला पोचलो. नावाचा अर्थ ढगांवरचे गाव, आणि ढग खरोखरच खाली होते. तिथे एकाखाली एक अशी दगडी न्हाणी आहेत. तिथून दगडी पायऱ्यांचा न संपणारा उतार आहे, ज्याबद्दल माझ्या गुडघ्याने स्वतंत्र रोजनिशी लिहावी. एका जागी मोठी शिळा फोडून भुयार काढले आहे आणि त्यातही पायऱ्या आहेत.

विन्याय वायना म्हणजे चिरतरुण, आणि इथल्या एका आमरीचेही, म्हणजे ऑर्किडचेही, हेच नाव आहे. डोंगराच्या अंतर्वक्र अंगावर शेतीच्या पायऱ्या, वर घरे, खाली घरे, आणि दोन्हींना जोडणाऱ्या जिन्यालगत एकाखाली एक कुंडांची ओळ. वरच्या कुंडाचे पाणी दगडात कोरलेल्या पन्हळीतून खालच्यात पडते. पन्हळीचे टोक असे घडवले आहे की पाणी भिंतीला न चिकटता सुटी धार होऊन पुढे पडावे आणि तिच्याखाली मडके नीट धरता यावे. मी माझी एक लिटरची बाटली एका धारेखाली धरली आणि मनातल्या मनात आकडे मोजले. साडेचार सेकंद. हे मी सवयीने वहीत लिहिले आणि मग कोणाला पाठवायचे, असा विचार येऊन हसू आले.

आग्वास कालिएन्तेस, १४ मे

पहाटे साडेतीनला उठून चौकी उघडण्याची वाट पाहत अंधारात बसलो. साडेपाचला सोडले. शेवटी एक चढण अशी उभी आहे की माणसे हात टेकून चढतात, आणि मी तर सगळी लाजच टेकून चढले. वर इंति पुंकू, म्हणजे सूर्याचे दार. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या छायाचित्रासाठी मी इथवर आले होते, आणि दारात उभे राहिल्यावर समोर होते शुभ्र, घट्ट, दुधावरच्या सायीसारखे धुके. शिखर नाही, शहर नाही. आमच्या गटातला एक तरुण रडू लागला. मला रडू आले नाही, पण भाच्याने माझ्याकडे पाहणे टाळले.

धुक्यातच खाली उतरलो, पिशव्या ठेवून रीतसर फाटकातून पुन्हा आत आलो. दूरचे काही दिसत नसल्यामुळे मी जवळचे पाहू लागले, आणि याबद्दल मी त्या धुक्याची ऋणी आहे. साधारण १४५० च्या सुमारास पाचाकुती या इंका राजाच्या काळात हे शहर उभे राहिले. जागा निवडली ती दोन शिखरांमधल्या खोगिरावर, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या, भूगर्भातल्या भेगांनी तडकलेल्या डोंगरावर. अशी जागा माझ्यापुढे प्रस्ताव म्हणून आली असती तर मी नामंजूर केली असती. पण त्याच भेगांतून वर डोंगरात एक झरा पाझरतो. तो दगडात धरून ७४९ मीटर लांबीच्या पाटाने गावात आणला आहे आणि जिन्यालगत सोळा कुंडांतून एकामागून एक खाली सोडला आहे. पहिले कुंड राजाच्या वाड्याजवळ आहे. झऱ्याचे पाणी मिनिटाला २३ ते १२५ लिटर असे ऋतूप्रमाणे कमीजास्त होते, आणि पाट मात्र ३०० लिटर वाहून नेईल एवढा बांधला आहे. ज्याने हे ठरवले त्याने पूर पाहिलेला होता.

मला सर्वांत नवल वाटले ते याचे की पाटाचे पाणी शेतीसाठी नाहीच. पायऱ्यांवरचे पीक पावसावरच होत असे. प्रश्न पाणी देण्याचा नव्हता, नको असलेले पाणी काढून देण्याचा होता. प्रत्येक पायरीत तळाला मोठे दगड, वर खडी, वर वाळूमिश्रित थर आणि सर्वांत वर खालून वाहून आणलेली सुपीक माती, म्हणजे पाऊस मुरून हळूहळू खाली निघून जातो आणि भिंतीवर दाब येत नाही. भिंतींच्या पायथ्याशी जागोजाग निचऱ्याची भोके ठेवली आहेत. या शहराचा अभ्यास केलेल्या जलअभियंत्यांच्या मते इथले साठ टक्के बांधकाम जमिनीखाली आहे. १९११ च्या २४ जुलैला हायराम बिंगहॅम इथे पोचला तेव्हा वर दोन शेतकरी कुटुंबे याच पायऱ्यांवर मका आणि बटाटे पिकवत होती. त्याला वाट दाखवली ती मेल्चोर आर्तेआगा या स्थानिक शेतकऱ्याने, आणि त्याच्याही आधी, १९०२ मध्ये, आगुस्तिन लिसारागाने इथल्या भिंतीवर कोळशाने आपले नाव लिहिले होते. चारशे वर्षे ओस पडलेली जमीन पीक देत होती, म्हणजे निचरा चालू होता. त्या दिवशी शोध नेमका कशाचा लागला, असा प्रश्न मला पडतो.

रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजीचे नाव आहे. सेवेचे ठायी तत्पर, एवढेच मागून घेतले त्या माणसाने. इथे लिपीच नव्हती, दोऱ्यांच्या गाठींत हिशेब ठेवत असत, त्यामुळे पाटाला उतार देणाऱ्याचे नाव कुठेच नाही. मी तिसऱ्या कुंडापाशी थोडी अधिक वेळ थांबले. बोट लावायला इथे मनाई आहे, पहारेकरी शिटी वाजवतात.

दहा वाजून गेले असतील. मी एका भिंतीच्या पायथ्याशी वाकून निचऱ्याची भोके मोजत होते, चौथे की पाचवे, एवढ्यात भाचा ओरडला, "मावशी, वर बघ!" मला वाटले पहारेकरी आला, म्हणून मी आणखीच वाकले. धुके पडद्यासारखे एका बाजूला सरकले होते आणि वायना पिक्चू, म्हणजे मागचे ते टोकदार शिखर, मुळापासून टोकापर्यंत उघडे पडले होते, हिरवे, ओले, छायाचित्रात होते त्याहून कितीतरी जवळ. मी पाहिले तोवर अर्धे पुन्हा झाकले गेले होते. त्याने टिपलेल्या छायाचित्रात मागे ते शिखर स्वच्छ आले आहे आणि पुढे माझी पाठ आणि टोपी. पुन्हा काढू का, असे त्याने विचारले, पण तोपर्यंत मागून दुसरा गट आला होता आणि पहारेकऱ्याने शिटी वाजवून आम्हाला पुढे काढले.