अकरा दिवस अडकलेलं कॉपर मीटर आणि माझा पावडर ब्लू

डबा कोल्हापुरात आला होता. ट्रॅकिंगवर तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. शनिवारी सकाळी मी तावडे हॉटेलपाशी मुंबईच्या ट्रॅव्हल्समधून घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी मागवलेल्या माशांचा थर्माकोल उतरवून घेतला आणि त्याच दिवशी माशांच्या औषधातलं कॉपर, म्हणजे तांबं, पाण्यात किती आहे ते मोजायचं माझं मीटरही कुरिअरच्या इथल्या गोडावूनला पोचलं. हातात मात्र ते पुढच्याच्या पुढच्या बुधवारी पडलं. त्या अकरा दिवसांबद्दल लिहायचं म्हणून हा सगळा अनुभव लिहितोय.

आधी थोडं मागचं. दीड वर्षापूर्वी एक नवा मासा मी थेट मेन टँकमध्ये सोडला आणि चार दिवसांत पाच मासे गेले. अंगावर पीठ भुरभुरल्यासारखा बारीक थर आणि धाप लागल्यागत श्वास. तो व्हेल्वेट नावाचा परजीवी होता हे मला नंतर कळलं. टँकमध्ये कोळंबी आणि गोगलगायी होत्या, त्यामुळं तिथं औषध टाकता येईना, कारण कॉपर त्यांना आधी मारतं. पुढं ७६ दिवस तो टँक माशांविना चालू ठेवला, म्हणजे आतले परजीवी उपाशी मरतील. रोज संध्याकाळी कामावरून येऊन रिकाम्या पाण्याकडं बघायचं. तेव्हाच ठरवलं, यापुढं एकही मासा क्वारंटाईनशिवाय, म्हणजे आधी वेगळ्या टँकमध्ये ठेवल्याशिवाय, आत जाणार नाही.

या वेळी तयारी नीट केली होती. १०० लिटरचा साधा काचेचा टँक, हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो. खाली वाळू नाही, दगड नाही, कारण ते कॉपर शोषून घेतात आणि मग पाण्यात किती उरलं याचा भरवसा राहत नाही. दोन स्पंज फिल्टर महिनाभर आधी मेन टँकच्या सम्पमध्ये (पाणी गाळायच्या खालच्या टाकीत) टाकून ठेवले होते, माशांच्या घाणीतला अमोनिया संपवणारे जिवाणू धरावेत म्हणून. त्यातला एकच काढला. दुसरा तिथंच राहू दिला, याचा पुढं फार उपयोग झाला. मासे तीन: क्लाऊनची जोडी आणि एक लहान पावडर ब्लू टँग. टँग जातीला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग लवकर लागतो आणि त्यातही पावडर ब्लू फार नाजूक. कॉपरची बाटली घरात होती. राहिलं होतं फक्त मीटर.

सोमवारी फोन लागला नाही म्हणून मी स्वतः गेलो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "साहेब, आत पावडर आहे आन् बॅटरी पण आहे. केमिकल म्हणून होल्डला गेलंय. वर मेल केलाय." मी सांगितलं, पाणी तपासायच्या पुड्या आहेत, चिमूटभर पावडर. "ते मला कळतंय हो, पण सिस्टिमला होल्ड दाखवतंय." मंगळवारी दुपारी पुन्हा गेलो. आता विकणाऱ्याचं पत्र पाहिजे म्हणे.

त्याच संध्याकाळी टँगच्या कल्ल्यामागं चार पांढरे ठिपके दिसले, मिठाचे कण चिकटल्यासारखे.

मी शिरोलीच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे. वीस वर्षं मायक्रोमीटर हातात आहे. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "टाका की बाटलीवर लिहिलंय तेवढं, मोजायचं काय त्यात?" मी नाही टाकलं. माझं कॉपर चिलेटेड प्रकारचं, म्हणजे दुसऱ्या रसायनात बांधून ठेवलेलं. ते २ ते २.५ पीपीएमच्या (लिटरमागं मिलिग्रॅम) मध्ये सलग ३० दिवस राहावं लागतं. खाली गेलं तर परजीवी जगतात, फार वर गेलं तर मासा मरतो. आयॉनिक, म्हणजे सुट्या कॉपरचा आकडा याच्या कितीतरी खाली असतो, एकाचा आकडा दुसऱ्याला लावू नका. शिवाय आपण टाकलं किती आणि पाण्यात आहे किती हे मोजल्याशिवाय कळत नाही. ज्याच्या हातात मीटर नाही त्यानं कॉपरची बाटली उघडूच नये, असं माझं ठाम मत आहे.

मग उरला बिनऔषधाचा मार्ग, टँक बदलण्याचा. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, माशाच्या कातडीत साधारण तीन ते सात दिवस खात राहतो. मग गळून तळाला जातो, कवच करून बसतो आणि त्यातून शेकडो पिल्लं पोहत बाहेर पडून पुन्हा मासा शोधतात. कॉपरसुद्धा फक्त या पोहणाऱ्या पिल्लांनाच मारतं, कातडीतल्याला आणि कवचातल्याला नाही. पण ते कवच फुटायला तीन दिवस तरी जातात. म्हणून ७२ तासांच्या आत मासा उचलून पूर्ण वेगळ्या, कोरड्या भांड्यातल्या ताज्या पाण्यात ठेवायचा. गळालेले सगळे मागं राहतात. असं चार वेळा केलं की अंगावर काही उरत नाही.

लक्ष्मीपुरीतून ६० लिटरचे दोन प्लॅस्टिकचे टब आणले. मंगळवारी रात्री पहिला टब, मग शुक्रवार, सोमवार, गुरुवार, रविवार. दर बदलीला आरओचं ६० लिटर पाणी आणि दोन किलोच्या वर टँकसाठीचं समुद्री मीठ. आदल्या रात्री मीठ विरघळवून, हवा सोडून, खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर घनता १.०२५ बघायची, तापमान जुळवायचं. जाळी, एअरस्टोन, पाइप यातलं काहीही जुन्या टबातून नव्यात जाता कामा नये. जुनं पाणीसुद्धा जाळीतून निथळेल तेवढंच.

जून संपत आलेला, पाऊस लागून राहिलेला. रिकामा टब ब्लीचनं धुतला तरी आपल्याकडं त्या दिवसांत वाळतो कुठं! आणि कोरडा झाल्याशिवाय वापरायचा नाही. टेबल फॅन लावून ठेवला, तरी कडेला दमट राही. शेवटी आईनं कपडे वाळवायच्या खोलीत जागा करून दिली आणि दोन दिवस कपडे बाहेर गॅलरीत लटकले.

इकडं कुरिअर. बुधवारी विकणाऱ्यानं पत्र पाठवलं. गुरुवारी कळलं की ते लेटरहेडवर पाहिजे, सही-शिक्क्यासकट. शुक्रवारी तसं आलं. शनिवारी काउंटरला सांगितलं, रसायनाची सेफ्टी डेटा शीटही लागेल. हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? आमच्या कंपनीत रोज डझनभर ड्रम येतात, त्यांच्या शीट मीच फाइलला लावतो. सोमवारी मागितली असती तर सोमवारीच दिली असती. मी फोनवर टँगचे फोटो दाखवले. पोरगा बघून हळहळला, खरंच हळहळला. "साहेब, माझ्या हातात असतं तर आत्ता दिलं असतं," म्हणाला. त्याच्यावर माझा राग नाही. राग याचा आहे की त्या ऑफिसात कुणालाच पूर्ण यादी माहीत नव्हती आणि प्रत्येक फेरीला एकच कागद सांगत होते. सोमवारी ज्यांनी सोडायचं ते रजेवर. मंगळवारी ते आले, पण सिस्टिम बंद. बुधवारी पाच वाजता डबा माझ्या हातात दिला. फोडलेलाही नव्हता. आत नक्की काय आहे ते अकरा दिवसांत कुणी पाहिलंच नव्हतं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्याच फेरीला विचारा: पत्र, शिक्का, डेटा शीट, ओळखपत्र, अजून काय? आणि ते त्यांच्याकडून लिहून घ्या. त्याहून बरं म्हणजे मीटर हातात आल्याशिवाय माशांची ऑर्डरच देऊ नका. पुड्यांवरची एक्स्पायरीही बघा.

ठिपके तिसऱ्या टबातच गेले होते. रविवारी शेवटची बदली थेट काचेच्या टँकमध्ये केली. तो मधल्या काळात ब्लीच करून वाळवला होता, कारण पहिले तीन दिवस मासे त्यातच होते. त्यातला पहिला स्पंजही बाद केला. सम्पमधला दुसरा इथं कामाला आला, नाहीतर अमोनियानं मासे गेले असते. एक लक्षात ठेवा, टँक बदलल्यानं ठिपक्यांचा परजीवी जातो, व्हेल्वेटची खात्री नसते. म्हणून मी कॉपर केलंच. तीन दिवसांत हळूहळू चढवत २.२ ला आणलं आणि रोज सकाळी कामावर जायच्या आधी मोजलं. ३० दिवसांत सर्वांत कमी २.१, सर्वांत जास्त २.३. तो वहीतला तक्ता मी जपून ठेवलाय, मला त्याचा अभिमान आहे. कॉपर चालू असताना अमोनिया बांधणारी औषधं टाकायची नाहीत, कॉपर सुटं होऊन विषारी ठरू शकतं. अमोनिया चढला तर पाणी बदलायचं, आणि नव्या पाण्यात तेवढ्याच प्रमाणात कॉपर आधी मिसळायचं.

त्यानंतर कॉपर काढून, चपट्या कृमींसाठी प्राझिक्वांटेल हे औषध, आठवड्याच्या अंतरानं दोनदा. त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

वीज गेली तर म्हणून बॅटरीवरचा एअर पंप टँकला जोडूनच ठेवा. आमच्याकडं त्या महिन्यात दोनदा रात्री लाइट गेली.

ऑगस्टच्या अखेरीस तिघंही मेन टँकमध्ये गेले. टँगनं पहिल्याच दिवशी नोरीचं (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं) पान चिमट्यातून ओढून नेलं. आई खुर्ची घेऊन समोर बसली ती जेवायला हाक मारेपर्यंत उठली नाही.

अजून एक राहिलं. हात आणि बाह्या. दोन्ही टँकचं काम असेल तर आधी मेन टँक, मग क्वारंटाईन. उलटं कधीच नाही, ओल्या हातावरूनही परजीवी जातो. मीटर एरवी माझ्याकडंच असतं. गेल्या आठवड्यात इचलकरंजीचा एक पोरगा पाण्याची बाटली घेऊन मोटारसायकलवरून आला होता. त्याच्या टँकमध्ये कॉपर निघालं १.४. तो अंदाजानं टाकत होता. त्याला उरलेल्या चार पुड्या आणि मीटर महिनाभरासाठी देऊन टाकलं.