काटा शंभरवर, गाडी शहाण्णववर: दादर ते लोणावळा, डिझेलने

गाडी दीड लिटर डिझेल क्रॉसओव्हर, सहा गिअरची मॅन्युअल, टायर २१५/६० आर१७. आत पाच माणसं, डिकी गच्च, एसी चालू. दादरहून शिवडी, अटल सेतू, चिर्ले, पळस्पे आणि पुढे एक्सप्रेसवेने लोणावळा. जाता जाता काट्यावरचा वेग आणि खरा वेग पडताळून पाहायचा, हा माझा आणि भाच्याचा कार्यक्रम. बायकोच्या मते रिकामटेकडेपणा.

मोजणीसाठी अटल सेतूसारखी जागा मुंबईत दुसरी नाही. २१.८ किलोमीटर लांबी, डोक्यावर उघडं आभाळ, कारला १०० ची मर्यादा. (चढ-उताराच्या रॅम्पवर मात्र ४०.) क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप धरून ठेवणारी सोय, लावला, पाय मोकळा केला. जीपीएसवरून खरा वेग दाखवणारा फोन भाच्याच्या हातात, चालवणाऱ्याने त्याला हात लावायचा नाही. "मामा, तुझा काटा शंभर, फोन शहाण्णव." काटा ८० वर असताना फोन ७६-७७ सांगत होता, ६० वर ५७. वेग बदलत असताना जीपीएस थोडं मागे राहतं, त्यामुळे काटा दहा-पंधरा सेकंद स्थिर राहिल्याशिवाय आकडा धरू नका. कोस्टल रोडच्या बोगद्यात हा उद्योग व्यर्थ, तिथे जीपीएसवर भरवसा ठेवता येत नाही. आणि सेतूवर फोटोसाठी थांबू नका, मनाई आहे.

हा फरक म्हणजे गाडीतला दोष नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या आर३९ नियमानुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवायला खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ४ किलोमीटर एवढी मुभा आहे. म्हणजे खरा वेग १०० असताना काटा ११४ दाखवत असला तरी तो नियमात बसतो. टायर झिजतात, हवा कमी-जास्त होते, कुणी मोठे टायर चढवतो. यातल्या कुठल्याही परिस्थितीत काटा कमी दाखवू लागला तर कंपनी अडचणीत येते. म्हणून ती आधीच हात राखून ठेवते. "मी पुण्याहून एकशेचाळीसने आलो" असं कुणी सांगितलं की त्यातले पाच-सात मनातल्या मनात वजा करायला हरकत नाही.

कापलेलं अंतर मोजणाऱ्या ओडोमीटरचं तसं नाही. पुढे एक्सप्रेसवेवर किलोमीटरच्या पाट्यांशी ताडून पाहिलं, तर दहा किलोमीटरमागे फरक जेमतेम शंभर मीटरचा. फोन नसेल तरी या पाट्यांवरच काम भागतं: क्रूझवर एक किलोमीटर कापायला लागलेले सेकंद शेजारच्याने मोजायचे आणि ३६०० ला त्याने भागायचं. ३६ सेकंद म्हणजे खरे १००, ४५ म्हणजे ८०.

आता काट्याला चार वाढवून दाखवायची खोड आहे म्हणून मर्यादेच्या वर चार मारून घ्यावेत, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी टायर बघावेत. २१५/६० काढून २२५/६० बसवले की व्यास साधारण ६९० वरून ७०२ मिलिमीटर होतो, खरा वेग पावणेदोन टक्क्यांनी वाढतो, काटा मात्र तिथेच. एक्सप्रेसवेवरचे कॅमेरे खरा वेग मोजतात, दोन ठिकाणांमधला सरासरी वेगसुद्धा. त्यामुळे कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढे पुन्हा सुसाट, हे जमायचं नाही.

खरी मजा घाटात. खोपोली सोडल्यावर चढ लागला, पुढे कंटेनर, मधल्या लेनमध्ये आणखी एक. डिझेलला दीड हजार आरपीएमखाली ठेवलं की टर्बो झोपतो आणि गाडी कण्हायला लागते. चौथा गिअर धरून बसण्यापेक्षा तिसरा टाकून दोन हजारांवर ठेवा. भरल्या गाडीनेही न ओरडता वेग धरला. ऑटोमॅटिकवाल्यांनी चढाला मॅन्युअल मोड घ्यावा, नाहीतर ऐन वळणावर गिअर वर जातो. सपाटीवरची शंभरपर्यंतची धाव ब्रोशरवाल्यांना लखलाभ, डिझेल घ्यायचं ते या चढासाठी. उतरतानाही तोच तिसरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरलेल्या गाडीच्या चाकांचा जळका वास खालच्या पंपावर हमखास येतो.

मायलेज स्क्रीनवर १९.६ दिसत होतं. टाकी फुल्ल करून, परतल्यावर त्याच पंपावर, त्याच नोझलने, ते पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत भरून हिशोब केला तर १८.१. तुम्हीही असंच करा आणि "थोडं अजून" म्हणून नोझल दाबू नका, हिशोब बिघडतो. हवा सकाळी टायर थंड असताना भरा, आणि पाच माणसं असतील तर दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर फुल लोडसाठी दिलेलं प्रेशर बघून.

एरवी गाडी दादर-परळच्या ट्रॅफिकमध्येच फिरत असेल तर अशी एखादी फेरी डीपीएफसाठीही बरी. बीएससिक्स प्रदूषण नियमांच्या डिझेल गाड्यांमध्ये काजळी अडवणारा हा फिल्टर असतो, आणि ती जळून जायला गरम इंजिन लागतं. डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला असेल तर गाडीच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं सलग चालवा, मधे इंजिन बंद करू नका. तरीही दिवा गेला नाही तर घाट चढायच्या आधी सर्व्हिस सेंटर गाठा.