बॉनेटवरचे स्वस्तिक

जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये नवी गाडी घेतली तेव्हा आई आमच्याकडे आलेली होती. विक्रेत्याच्या आवारात चाव्या माझ्या हातात पडल्या आणि तिने पर्समधून दोन लिंबे, कुंकवाची डबी आणि तांदळाची पुरचुंडी काढली. लिंबे चाकांखाली ठेवेपर्यंत गाडी द्यायला आलेला तरुण हसत पाहत होता. मग आईने अनामिका ओल्या कुंकवात बुडवून पांढऱ्याशुभ्र बॉनेटवर स्वस्तिक रेखले, चार घरांत चार ठिपके दिले, वर अक्षता वाहिल्या, आणि त्या मुलाचे हसू मावळले. तो आत जाऊन ओले फडके घेऊन आला. हळू आवाजात मला म्हणाला की याचा अर्थ त्याला माहीत आहे, भारतीय गिऱ्हाइके त्याच्याकडे नेहमी येतात, परंतु फाटकाबाहेर गाडी अशी नेऊ नका.

मी पुसले. कुंकू पांढऱ्या रंगावरून सहजासहजी निघत नाही. फिकट गुलाबी डाग मागे राहिलाच. आई काही क्षण गप्प होती, मग म्हणाली, "बरं, हे झाकण उघड." बॉनेटच्या आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, तिने पुन्हा स्वस्तिक काढले आणि माझ्याकडे न पाहता झाकण खाली घेतले.

जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६ अ नुसार नाझी पक्षासारख्या बंदी घातलेल्या संघटनांची चिन्हे जाहीरपणे वापरणाऱ्याला दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्या चिन्हांशी गल्लत होईल इतके साम्य असलेल्या चिन्हांनाही हे कलम लागू होते. कला, संशोधन, अध्यापन यांसाठी अपवाद आहेत, आणि धर्मकार्यातल्या स्वस्तिकावर त्याचा रोखही नाही. पण रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला चिन्हामागचा हेतू दिसत नाही, फक्त आकृती दिसते. त्या मुलाला कलमाची भीती वाटली असेल असे मला वाटत नाही. त्याला बहुधा शेजाऱ्यापाजाऱ्यांची भीती वाटली.

आई सेवानिवृत्त शिक्षिका आहे, आणि तिने आयुष्यभर नववी-दहावीला इतिहासच शिकवला. घरी परतताना तिने आपली बाजू मांडली: "हिटलर मला कोणी सांगायला नको. त्याचं स्वस्तिक उलटं आणि तिरकं होतं. आपलं सुलटं आणि सरळ." हा युक्तिवाद आपल्याकडे घरोघरी ऐकायला मिळतो आणि मीही तो परदेशी सहकाऱ्यांना अनेकदा ऐकवला होता. दुर्दैवाने तो टिकत नाही. नाझी ध्वजावरच्या स्वस्तिकाच्या भुजा आपल्या देवघरातल्या स्वस्तिकासारख्याच उजवीकडे वळतात. ते तिरके असे हे खरे, पण त्या राजवटीत ते सरळ उभेही वापरले गेले. डावीकडे वळणारे जे असते ते पूर्व आशियातल्या बौद्ध परंपरेत अधिक रूढ आहे. जपानच्या नकाशांवर मंदिराची खूण म्हणून तेच छापतात. ज्याच्या आजीला त्या ध्वजाखाली आगगाडीत कोंबून छावणीत नेले, त्याच्यासमोर आपण कंपासपेटी उघडून कोन मोजत बसणे मला आता अशोभनीय वाटते.

दुसरा युक्तिवाद नावाचा असतो: जर्मनांनी त्याला 'हाकेनक्रॉइत्स', म्हणजे हुकासारख्या वळलेल्या टोकांचा क्रूस म्हटले, 'स्वस्तिक' हा शब्द इंग्रजीतून चिकटला. हे बरोबर आहे, आणि त्यात एक चुटपुट लावणारी गोष्टही आहे. हाइनरिख श्लीमान या जर्मन पुरातत्त्ववेत्त्याला १८७० च्या दशकात प्राचीन ट्रॉय नगराच्या उत्खननात हे चिन्ह जागोजागी सापडले, तेव्हा ऋग्वेदाचे संपादक मॅक्स म्युलर यांनी त्याला कळवले होते की 'स्वस्तिक' हा शब्द भारताबाहेर वापरू नये, कारण त्याला भारतात स्वतःचा इतिहास आणि ठरलेला अर्थ आहे. सल्ला कोणी मानला नाही. पुढे वंशवाद्यांनी त्या आकृतीला 'आर्यां'ची खूण ठरवले, १९२० मध्ये ती नाझी पक्षाच्या ध्वजावर आली आणि १९३५ मध्ये तोच जर्मनीचा एकमेव राष्ट्रध्वज झाला.

त्याच आठवड्यात आम्ही पायी बाजारात निघालो होतो. पदपथात बसवलेल्या पितळी चौकोनावर आईचा पाय पडला. दहा सेंटिमीटर लांबीरुंदीचा तो तुकडा. त्यावर 'इथे राहत होते' अशा अर्थाचे जर्मन शब्द, खाली नाव, जन्मवर्ष, नेल्याचे वर्ष आणि छावणीचे नाव. गुंटर डेम्निग या कलावंताने नाझींच्या बळींच्या शेवटच्या राहत्या घरासमोर असे पितळी पत्रा जडवलेले दगड बसवण्यास सुरुवात केली, आणि आता युरोपभर ते हजारोंनी आहेत. मी अर्थ सांगितल्यावर आई चटकन मागे सरली, वाकली, त्या पितळेला हात लावून कपाळाला लावला. "माणसाचं नाव पायाखाली कसं ठेवतात रे?" तिला हे मुळीच पटले नाही, आणि गंमत म्हणजे ती एकटी नाही. म्युनिकमधल्या ज्यू समाजाच्या अध्यक्षा शार्लोट क्नोब्लोख यांचा नेमका हाच आक्षेप होता: त्या लोकांना एकदा तुडवून झाले आहे, पुन्हा नावांवर पाय नकोत. म्युनिक महापालिकेने २००४ मध्ये सार्वजनिक जागेत हे दगड बसवण्यास नकार दिला आणि २०१५ मध्ये तो कायम ठेवला. इतर असंख्य गावांत तेच दगड आदराचे मानले जातात. वाटेवर ते मुद्दाम ठेवले आहेत, वाचायला खाली वाकावे लागते, ते वाकणे म्हणजेच अभिवादन, असे त्यांचे समर्थक सांगतात.

परदेशात आपल्या चिन्हाचा अर्थ समजून घ्या म्हणताना मला एक गोष्ट नेहमी अडवते. कोकणातले बेने इस्राएल ज्यू मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनवार तेली' म्हणवले जात. शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावरचे स्वस्तिक पाहतच त्यांच्या पिढ्या वाढल्या. २००६ मध्ये खारघरला 'हिटलर्स क्रॉस' नावाचे उपाहारगृह निघाले, नाझी चिन्हासकट, तेव्हा मुंबईच्या ज्यूंनी निषेध केला आणि मालकाला नाव बदलावे लागले. म्हणजे दाराच्या स्वस्तिकात आणि त्या पाटीत त्यांना नेमका फरक कळत होता. पाटी रंगवणाऱ्याला मात्र तो कळला नव्हता. हिटलरचे आत्मचरित्र पुण्यामुंबईच्या फुटपाथवर यशाच्या गुरुकिल्ल्या सांगणाऱ्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते, हेही आपण पाहतोच. जगाने बारकावा जाणावा अशी आपली अपेक्षा असेल, तर तो बारकावा आपल्या बाजारातही दिसायला हवा.

नव्या गाडीची इथली पहिली सक्तीची तपासणी तीन वर्षांनी होते. यंदा ती झाली. तपासनिसाने बॉनेट वर केले, आतल्या पत्र्यावर विजेरीचा झोत फिरवला आणि एका जागी थांबला. उष्णतेने आणि दमटपणाने रेषा विरघळून गेल्या होत्या, उरला होता तांबूस ओघळ आणि दोन ठिपके. त्याने नखाने खरवडून पाहिले.

"गंज आहे का?" त्याने विचारले.

मी म्हणालो, नाही, रंग आहे. त्याने कागदावर खूण केली आणि बॉनेट खाली घेतले.