शेवटच्या घरचा नळ

जूनचा दुसरा आठवडा. पहिला पाऊस होऊन गेला आणि पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून आशाताईंचा फोन आला: दोन दिवसांत अकरा जणांना जुलाब-उलट्या. पाण्यात क्लोरीन असलं तर पिवळा रंग देणारी ओटीची बाटली आणि मैल्याचे जंतू असले तर काळ्या पडणाऱ्या एचटूएसच्या बाटल्या पिशवीत टाकून मी नाशिकहून निघाले.

टाकीपाशी जलसुरक्षक, म्हणजे गावचं पाणी सांभाळणारा माणूस, रडवेला होऊन उभा. "ताई, ब्लिचिंग पावडर रोज टाकतो. हजार लिटरला पाच ग्रॅम, चुना खाली बसू देतो, वरची निवळीच ओततो." खरं होतं त्याचं. टाकीच्या पाण्यात ओटीचे थेंब पडताच ते पिवळं झालं. पाण्याची व्यवस्था सुरक्षित असल्याचं हिरवं कार्डही ग्रामपंचायतीकडे होतं.

मग उताराला, शेवटच्या घरी गेले. तिथल्या पाण्यात थेंब टाकले, हलवलं. रंगच येईना. म्हणजे क्लोरीन वाटेतच संपत होतं. उंबऱ्यातल्या आजी म्हणाल्या, "पोरी, पाणी सुटलं का पहिल्या दोन हंड्यांना वास येतो. आमी ते भांड्यांना ठेवतो. पोरं कुठं ऐकत्यात?"

हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. एप्रिलमध्ये मी येऊन गेले होते, तेव्हा नमुना टाकीचाच घेतला होता. ते मला अजून टोचतं.

पाणी दिवसाआड तासभर सुटायचं. नळ बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि जिथं फट असेल तिथून बाहेरचं आत ओढतो. आम्ही लाइनीच्या कडेकडेनं वर चालत निघालो. चौथ्या घरापुढं व्हॉल्व्हचा खड्डा होता. झाकण फुटलेलं, मोरीचं आणि गोठ्याचं पाणी उतरून काठोकाठ भरलेला. जलसुरक्षकानं डब्यानं उपसला. तळाशी जॉइंटला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, तीही सुटलेली.

लाइन तिथंच बंद केली. आशाताईंनी घरोघरी पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर आणि ओआरएस वाटलं. दोन दिवसांनी शेवटच्या घरची एचटूएसची बाटली काळी पडली, टाकीची नाही. दोन्ही मी पंचायतीच्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या. मग फिटर आला, खड्डा उंच बांधला, मोरीला शोषखड्डा खणला.

आठवड्यानं पुन्हा गेले. आजींच्या नळाच्या पाण्यात फिकट पिवळा रंग आला. त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली. "हळदीवानी दिसतंय. आता पयला हंडा ओतून नाय ना द्यायचा?"

"अजून महिनाभर ओता, आजी," मी म्हटलं.