गहू मी सोडला, घर सोडायला तयार नव्हतं

माझं हिमोग्लोबिन काही केल्या वाढत नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, सलाईनमधून लोह देऊन झालं, गूळ-शेंगदाण्याचे सल्ले तर गल्लीतल्या प्रत्येकीने दिले. पोट कायम फुगलेलं. शेवटी लातूरच्या एका पोटविकार तज्ज्ञांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी लिहून दिली, मग एंडोस्कोपी करून लहान आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला. निदान निघालं सिलिअ‍ॅक नावाचा आजार. गहू-जवातलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर उलटतं, म्हणून खाल्लेलं लोह अंगी लागत नाही. यावर गोळी नाही. गहू, रवा, मैदा, जव जन्मभर बंद. कुणाला शंका असेल तर एवढं ध्यानात ठेवा, तपासण्या होईपर्यंत गहू थांबवू नका, नाहीतर रिपोर्ट फसवा येऊ शकतो.

मराठवाड्यात यात अवघड ते काय, असं कुणीही म्हणेल. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, राजगिरा, साबुदाणा, कशातच ग्लुटेन नाही. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, तर हसूच आलं. "आमच्या टायमाला पोळी सणालाच दिसायची. भाकर खाऊन कोण मेलंय?" १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली तांबडी मिलो ज्वारी त्यांनी खाल्लेली. त्यांच्या दृष्टीने हा आजारच नव्हता.

खरी अडचण ह्यांची होती. ह्यांचं लहानपण भाकर आणि ठेच्यावर गेलं. नोकरी लागल्यावर दोन्ही वेळा पोळी, हा ह्यांनी स्वतःशी केलेला करार. ताटात भाकर आली की चेहरा पडायचा, बोलायचे मात्र काही नाही. मुलगा तूप-साखर-पोळीवर वाढलेला. मुलगी भाकरीचा वरचा पापुद्रा तेवढा खाते आणि उरलेली माझ्या ताटात सरकवते. आजकाल ज्वारी गव्हापेक्षा महाग मिळते, तरी भाकर म्हणजे गरिबी हे डोक्यातून जात नाही.

घर बदलण्याआधी मी स्वयंपाकघर बदललं. डोळ्यांना दिसणारा गहू सोपा असतो, लपलेला छळतो. बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं. मेतकुटात गहू, थालीपिठाच्या भाजणीत गहू, आणि आमच्या येसरात, म्हणजे आमटीला लावायच्या मसालेदार पिठात, तर गहू भाजूनच घालतात. आमटीला येसर नाही म्हटल्यावर आत्याबाईंचं हसू मावळलं. मग त्यांनीच गहू वगळून, ज्वारी आणि हरभरा डाळ वाढवून येसर केलं. चवीत फरक कळत नाही, असं त्या म्हणतात. मला थोडा कळतो.

गिरणीचं प्रकरण त्याहून किचकट. पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं लागतं. किलोभर ज्वारीत चमचाभर गव्हाचं पीठ मिसळलं तरी तो आकडा सहज ओलांडतो, आणि गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ पाळूत राहतंच. म्हणून हप्त्यावर घरघंटी घेतली. तिच्यात गहू टाकायचा नाही, हा नियम. शेजारच्या वहिनी पायलीभर गहू घेऊन आल्या तेव्हा नाही म्हणताना जीव कानकोंडा झाला. पण म्हटलं. माझा तवा, पोळपाट, लाटणं, पिठाचा डबा, सगळं वेगळं.

घरच्यांसाठी मी दोन स्वयंपाक करणार नव्हते. ठरलं असं, की सकाळी डब्याला त्यांच्या पोळ्या, पण माझं आधी करून झाकून ठेवल्यावर. रात्री सगळ्यांना एकच. भाकरीवर मुलं अडून बसली, म्हणून उकळत्या पाण्यात ज्वारीच्या पिठाची उकड काढली, गरम असतानाच मळली आणि पातळ फुलके लाटले. ज्वारीत चिकटून धरणारं ग्लुटेन नाही, ते काम उकड करते. पीठ मात्र ताजं हवं, विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, गेली की फुलका कडेने फाटतो. तूप लावून दिला तेव्हा मुलाने विचारलं, "ही कशाची आहे?" मी म्हटलं, "पोळीच आहे." खाल्ली. धपाटे तर त्याला आवडतात, फक्त त्यातलं गव्हाचं पीठ काढून बेसन थोडं वाढवलं. ह्यांना मालदांडी ज्वारीचा फुलका आता चालतो, भाकर अजून नाही.

वेळ अमावस्येला, म्हणजे शेतात जेवायच्या आमच्याकडच्या सणाला, मला काहीच अडलं नाही. भज्जी, आंबिल, उंडे सगळं माझ्या कामाचं, गव्हाची खीर तेवढी सोडली. जीव जातो तो प्रसादाच्या शिऱ्यावर. "एक घास खाल्ल्यानं काय होतंय?" हे वाक्य मी प्रत्येक सत्यनारायणाला ऐकते. कपाळाला लावून मुलाच्या हातावर ठेवते. लग्नाच्या पंगतीत वरणातल्या हिंगापासून सगळंच संशयाचं, म्हणून डबा सोबत असतो.

टीटीजीचा आकडा उतरला आहे, हिमोग्लोबिन हळूहळू चढतंय. आई-वडील, भावंडं, मुलं यांनाही हा आजार असू शकतो, म्हणून डॉक्टरांनी दोन्ही मुलांची तपासणी करून घेतली. सध्या दोघांचं ठीक आहे, पण पुढेही बघत राहावं लागेल. आता उन्हाळ्यात शेवया करायच्या आहेत. तांदळाच्या करून पाहिल्या तर मुलीने एक घास घेऊन वाटी आजीकडे सरकवली, आणि आत्याबाईंनीही ती बाजूलाच ठेवली.