लेकरं नाही, आया मोजा

दिवाळीला आजोळी गेले होते, बीडच्या केज तालुक्यात. मावशी भाकरी थापता थापता म्हणली, "आता बाया दोनावरच ऑपरेशन करतात, तरी एसटीत उभं राहायला जागा नाही, ही माणसं येतात कुठून गं?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याच घरात आहे. आज्जीला सात लेकरं, त्यात चार लेकी. चौघींना मिळून आठ मुली, त्यातली एक मी. आम्ही आठही जणी दोनावर थांबलो तरी सोळा लेकरं झाली ना, आज्जीच्या दुपटीहून जास्त! एकेकीची लेकरं घटली पण आयाच आठ झाल्या.

देशाचंही तेच चाललंय. कुटुंब आरोग्य पाहणीत 1992-93 ला बाईमागे सरासरी 3.4 मुलं होती, 2019-21 ला 2.0, महाराष्ट्रात तर 1.7. लोकसंख्या टिकायला साधारण 2.1 लागतात, म्हणजे आपण त्याच्याही खाली आलोय, तरी संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने 2060 च्या दशकापर्यंत आपण वाढतच राहणार, कारण आधीच्या मोठ्या पिढीतल्या मुली अजून आई व्हायच्यात. चीन 1990 च्या दशकातच 2.1 च्या खाली गेला पण माणसं कमी व्हायला लागली 2022 ला. आणि आता तिथं जोडप्यांनी दोन-दोन मुलं जन्माला घातली तरी घट लगेच थांबणार नाही, आयाच कमी उरल्यात.

म्हणून मला बीडचा 2011 चा आकडा अजून छळतो. सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 807 मुली. ज्या जन्मूच दिल्या नाहीत त्यांची लेकरंही नाहीत, ही तूट पुढच्या प्रत्येक पिढीत उतरणार.

आणि ज्या आहेत त्यांचं काय करतो आपण? ऊसतोडीला कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी लागते, उचल म्हणजे आगाऊ पैसे जोडीवर मिळतात, म्हणून सोळाव्या वर्षी लग्न. सोळाव्या वर्षी आई होत गेल्या तर 48 वर्षांत तीन पिढ्या, चोविसाव्या वर्षी झाल्या तर दोनच, लेकरं दोन्हीकडे दोन-दोनच धरली तरी. पण मला आकड्यापेक्षा त्या पोरीच्या शरीराची काळजी जास्त वाटते.

मावशीच्या शेजारची पोरगी दहावीला आहे, दोन वेण्या, हातात गाईड. तिला बघायला पाहुणे येणार होते. मावशीने तवा उतरवला, पदराला हात पुसले आणि म्हणली, "चल, तिच्या आईशी बोलू."