घर ते मळा, 1.2 किलोमीटर: आळ केळीवर, दोष शेवरीचा

नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं मागचं. आमचं गाव रावेर तालुक्यात, सावद्याच्या बाजूला. मळा घरापासून सरळ रेषेत 1.2 किलोमीटर. गेल्या वर्षी विहिरीवरच्या मोटरची केबल दोनदा चोरीला गेली. तिसऱ्यांदा केबल आणली तेव्हा आबा म्हणाले, "तुह्या त्या डब्याडुब्यांचा घरात पसारा आहे, त्याचा मळ्यात काही उपेग होईन का?" आबांनी माझ्या छंदाची दखल घेतली ती आयुष्यात पहिल्यांदाच, त्यामुळे माघार घेणं शक्यच नव्हतं. ठरलं: विहिरीवर कॅमेरा लावायचा आणि त्याचं चित्र घरी आणायचं.

सिमवाला कॅमेरा का नाही, हे प्रत्येक जण विचारतो. 4 मेगापिक्सेल, व्हिडिओ आक्रसणारं एच.265, बिटरेट 2 एमबीपीएस धरला तरी अखंड रेकॉर्डिंगला दिवसाला 21.6 जीबी लागतात. शिवाय मोटरखोलीत मोबाइलची रेंज एक काडी, तीही दाराशी उभं राहिलं तर. फायबर टाकायचं तर मध्ये चार जणांची शेतं आणि एक नाला. कुणाचा नांगर कधी चालेल याचा नेम नाही. मग उरली वायरलेस लिंक. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा 2018 पासून आपल्याकडे घराबाहेरही विनापरवाना वापरता येतो, तेव्हा तिथेही अडचण नव्हती.

28 जून

13 डीबीआयचे दोन सीपीई लावले, म्हणजे अँटेनासकट घराबाहेर लावायचे वायरलेस रेडिओ. एक घराच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला, जमिनीपासून 9 मीटरवर. दुसरा मोटरखोलीच्या स्लॅबवर दीड मीटरचा पाईप उभारून, म्हणजे जमिनीपासून 4 मीटर. चॅनल 149. कागदावरचा हिशोब असा: 23 डीबीएम पॉवर, दोन्हीकडचे अँटेना मिळून 26, आणि एवढ्या अंतरात हवेतच जाणारे साधारण 109. बेरीज-वजाबाकी करून सिग्नल −60 (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). प्रत्यक्षात आला −61. वेग मोजायचं आयपर्फ चालवलं तर 92 एमबीपीएस, म्हणजे 100 एमबीपीएसचं पोर्ट जेवढं देऊ शकतं तेवढं सगळं. रात्री शेवभाजीवर ताव मारला आणि आबांना मोबाइलवर विहीर दाखवली. "पाणी किती खाली गेलं ते दिसतं का यात?" एवढंच म्हणाले.

तेव्हा मृगबागेची केळीची टिश्यूकल्चरची रोपं नुकतीच लागली होती, वीतभर उंचीची. मोटरखोलीवरून बघितलं तर घराची निळी टाकी डोळ्यांनी लख्ख दिसायची. मधे काही नव्हतंच.

जुलै, केबलचं प्रकरण

कॅमेरा मोटरखोलीवर नाही, विहिरीजवळच्या खांबावर आहे, खोलीपासून 55 मीटरवर. शेतीच्या फीडरला थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, म्हणून सगळं सोलरवर. बॅटरीतून 12 व्होल्ट थेट लॅन केबलच्या रिकाम्या जोड्यांतून कॅमेऱ्याला दिले. दिवसभर उत्तम. अंधार पडला की कॅमेरा बंद, मिनिटभराने सुरू, पुन्हा बंद. सालदार म्हणाला, "भाऊ, याले अंधाराचं भेव वाटते का?"

खरं तर अंधाराचंच होतं. अंधार पडला की कॅमेऱ्याचे आयआर म्हणजे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि 4 वॅटचा कॅमेरा 8 वॅट खातो. खांबावर चढून मल्टिमीटर लावला. दिवसा साडेनऊ व्होल्ट. संध्याकाळी दिवे लागताच काटा आठाच्या खाली आणि कॅमेरा गप. 55 मीटरमध्ये एवढा व्होल्टेज पडायला नको होता. मग केबलचं टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडली. वरून तांबूस, आतून चांदीसारखी पांढरी. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! दुकानदाराने प्युअर कॉपर सांगून त्याच भावाने दिली होती, आणि मी डोळे झाकून घेतली होती. चोराने ही नेली असती तर तोही फसला असता.

अशा तारेचा रोध तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्तच. पण हिशोब मांडला तेव्हा लक्षात आलं की अस्सल तांब्याची असती तरी रात्री कॅमेऱ्याला जेमतेम साडेनऊ मिळाले असते. चूक दुकानदाराची अर्धी, माझी अर्धी. इतक्या लांब 12 व्होल्ट पाठवायचेच नसतात. आता 12 चे 48 करणारा छोटा पीओई स्विच बसवलाय, म्हणजे लॅन केबलमधूनच वीजही देणारा. तेच 8 वॅट 48 व्होल्टला घेतले की करंट चौथाई होतो, आणि तारेत पडणारा व्होल्टेजही चौथाई. केबलही बदलली. या वेळी जळगावला गोलाणी मार्केटमध्ये गेलो, दुकानातच ब्लेड मागितलं, खरवडून बघितलं, मगच पैसे दिले. तुम्हीही ब्लेड खिशात ठेवा, दुकानदाराला राग येत नाही. आला तर उत्तर मिळालंच.

ऑगस्ट

तीन दिवस झड लागली, ऊन नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे सगळं बंद. रेडिओ, कॅमेरा, स्विच मिळून सरासरी 12 वॅट, म्हणजे दिवसाला 288 वॅट-तास. 40 एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे 512. पावणेदोन दिवसांचीच शिदोरी होती. 100 वॅटच्या पॅनलशेजारी आणखी एक तसंच लावलं. बॅटरी पत्र्याच्या पेटीतून काढून खोलीत जमिनीवर ठेवली, कारण या बॅटऱ्यांना 45 अंशांच्या वर चार्जिंग सोसत नाही आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच तेवढं असतं.

सप्टेंबर ते नोव्हेंबर

आता मुख्य गोष्ट. सप्टेंबर संपताना सिग्नल −66 झाला. ऑक्टोबरच्या मध्यावर −71. दिवाळीनंतर −79. जूनपासून 18 डीबी गेले, म्हणजे पोहोचणारी ताकद साठाव्या हिश्शाच्याही खाली. व्हिडिओ अडखळायला लागला, चित्राचे चौकोन पडायला लागले.

ज्याला विचारलं तो पावसाचं नाव घ्यायचा. पण या फ्रिक्वेन्सीला सव्वा किलोमीटरमध्ये धो धो पावसानेही एक डीबीसुद्धा जात नाही, आणि पाऊस तर थांबलेला होता. माझा संशय केळीवर. केळीचं पान म्हणजे निव्वळ पाणी, आणि बाग तोवर निसवायला आली होती, पानं धरून 3 मीटर उंच. आरोपी समोरच होता. आबांना म्हटलंही, "केळीने लिंक खाल्ली." ते म्हणाले, "केळीनं खत खाल्लं, पाणी खाल्लं, आता हेबी खाऊ दे."

पण हिशोब जुळेना. रेडिओची लहर दोऱ्यासारखी बारीक जात नाही. तिला पखवाजासारखी जागा लागते, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती. त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. त्यातली मधली 60 टक्के जागा मोकळी असेल तर काम भागतं. 1.2 किलोमीटरला बरोबर मध्यावर पूर्ण त्रिज्या येते साधारण 4 मीटर, तिचे 60 टक्के म्हणजे 2.4. घराकडे 9 मीटर, मळ्याकडे 4, म्हणजे मध्यावर रेषा साडेसहा मीटर उंचीवरून जाते. त्यातून 2.4 गेले तरी खाली 4.1 मीटर मोकळे. 3 मीटरची केळी तिथे शिरूच शकत नाही.

दुसरी खूण आलेखात होती. दर पाच मिनिटांचा सिग्नल मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर नोंदवतो. रात्री रेघ जवळपास सरळ, सकाळी दहानंतर दातेरी, दुपारी करवतच. वारा सुटला की −74 आणि −83 च्या मध्ये झोके. काहीतरी हलत होतं, आणि ते हलणारं बरोबर रेषेत होतं.

मग रविवारी सालदाराला मोटरखोलीवर चढवलं, सीपीई बांबूला बांधून त्याच्या हातात दिला, आणि मी घरी लॅपटॉपसमोर फोन कानाला लावून बसलो. "वर कर. अजून. थांब." हातभर वर गेला की 3 डीबी सुधारायचे, पुरुषभर उचलला की 11. बांबू खाली आला की पुन्हा −79. त्याचे हात भरून आले तेव्हा मी मळ्यात गेलो, तिथेच स्लॅबवर चढलो, मोबाइल अँटेनाच्या बरोबर उंचीला धरला आणि झूम केला. घराची निळी टाकी अर्धी गायब. तिच्यासमोर बारीक पानांची झालर हलत होती, मधे मधे पिवळी फुलं.

शेवरी! बांधावर वारारोधक म्हणून जूनमध्ये आम्हीच पेरलेली. तेव्हा ती दिसतही नव्हती, म्हणून माझ्या हिशोबात आलीच नाही. मोटरखोलीपासून 100 मीटरवर तिची ओळ आहे. तिथे रेषा जेमतेम 4.4 मीटरवर, आणि 60 टक्क्यांचा पखवाज 3.1 पर्यंत खाली. केळी त्याच्या काठाला टेकत होती एवढंच, शेवरी साडेचार मीटर होऊन थेट पोटात घुसली होती. मध्यावरची उंची मी तीनदा तपासली होती, टोकाजवळची एकदाही नाही.

डिसेंबर

सोपा उपाय म्हणजे शेवरी छाटणं. विचारून बघितलं. आबा खाटेवरून उठले नाहीत, फक्त म्हणाले, "शेवरी तोडशीन अन् वादळ आलं त बांधावर तू उभा रायशीन का?" मे-जूनच्या एका वावटळीत आडवी झालेली केळी ज्याने बघितलीय त्याच्याशी यावर वाद घालता येत नाही.

तेव्हा अँटेनाच वर न्यायचा. जुन्या बोअरमधून काढलेला 2 इंची जीआय पाईप गोठ्यामागे पडून होता, 20 फुटी. अर्धा मीटर मोटरखोलीच्या भिंतीला क्लॅम्पने धरला, वर साडेपाच मीटर, एकूण 8. तिन्ही बाजूंना तारेचे ताण, बुडाशी वेगळं अर्थिंग. दोघांनी तो पाईप उभा करणं म्हणजे बैल उधळल्यासारखं झालं. शेवटी शेजारच्या मळ्यातून दोन माणसं बोलावली आणि मग त्यांना चहा पाजण्यात तास गेला. आता शेवरीच्या ओळीवर पखवाजाची खालची कड पावणेसात मीटरवर आहे. शेवरी अजून वाढेल, पण दोन मीटरचं अंतर हातात आहे.

सिग्नल −62. दुपारच्या वाऱ्यातही रेघ सरळ. फरक एवढाच की जोराचा वारा असला तर पाईप स्वतःच डोलतो आणि एखादा डीबी इकडेतिकडे होतो. चौथा ताण बांधायचाय.

या आठवड्यात

चोर अजून आला नाही. रोज रात्री पन्नास-साठ सूचना येतात, त्यातल्या बहुतेक एकाच कोळ्याच्या. आयआर दिव्यांपाशी किडे जमतात, म्हणून त्याने काचेसमोरच जाळं विणलंय, आणि दिव्यांच्या उजेडात तो एकेक धागा पांढऱ्या दोरखंडासारखा चमकतो. सकाळी सालदार काठीला फडकं गुंडाळून पुसतो, संध्याकाळी जाळं परत तयार. कॅमेऱ्याचे दिवे बंद करून आयआर वेगळा, दोन मीटर बाजूला लावायचा विचार आहे. 850 नॅनोमीटरचा घेतला तर उजेड लांब पडतो, पण अंधारात लाल ठिपका दिसतो. 940 चा दिसत नाही, पण उजेड कमी पोहोचतो. मला विहिरीच्या काठापर्यंत 20 मीटर पुरे. एवढ्या अंतराला 940 कुणी वापरला असेल तर रात्रीचा एखादा फोटो दाखवा. पीओईवर चालणारा असेल तर उत्तमच, खांबावर आणखी एक केबल ओढायची माझी तयारी नाही.